वाट बीबीची

टोळी निघताना पहिलं कोण उठलं हे सगळेच लिहून ठेवतात. तुम्ही दुसरं कोण उठलं ते लिहा. आमच्या बाई दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना हेच सांगायच्या. पुण्यातल्या एका कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. डिसेक्शनच्या टेबलापाशी त्यांचं मन रमत नसे. थंडी ओसरली की आम्हाला घेऊन त्या एसटीनं महाबळेश्वर गाठत. पॉइंटांवरची गर्दी मागे टाकून आत जात, जिथे जांभूळ, गेळा, अंजनी यांची दाटी आहे, आणि टोपी माकडांच्या टोळीपासून बऱ्याच अंतरावर आम्हाला बसवून ठेवत. बोलायचं नाही. खायला द्यायचं नाही. घड्याळ बघायचं आणि लिहायचं.

पहिला उठलेला प्राणी अनेक कारणांनी उठलेला असू शकतो, हे त्यांचं म्हणणं. त्याला मुंगी चावली असेल, ऊन नको झालं असेल, शेजारच्यानं दात दाखवले असतील. तो चार पावलं जातो आणि परत येऊन बसतो, असं सकाळभर कितीदा तरी घडतं. त्याच्यामागून दुसरा उठला आणि त्याच दिशेनं चालू लागला, तर मात्र काहीतरी घडायला सुरुवात झाली. "मागे कुणी येत नसेल तर तो पुढारी कसला? तो नुसता एकटा चाललेला प्राणी," बाई म्हणत. 

बाईंनी स्वतः आफ्रिका कधी पाहिली नाही. पण परदेशी संशोधकांना त्या पोस्टकार्डं लिहीत, लेखाची प्रत मागवत, आणि महिन्या-दोन महिन्यांनी खाकी पाकिटं येत. त्या पाकिटांवर आमचं शिक्षण झालं. जीन ऑल्टमन यांचा १९७४ सालचा, प्राण्यांचं निरीक्षण कसं करावं याविषयीचा लेख मी बाईंच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून वाचला. त्यातली गोष्ट साधी आणि कठोर आहे. माणसाचा डोळा मोठ्या, गोंगाट करणाऱ्या, भांडणाऱ्या प्राण्याकडे आपोआप ओढला जातो. म्हणून कुणाकडे किती वेळ बघायचं हे आधी ठरवून घ्या आणि ते पाळा, मग समोर कितीही मोठी मारामारी चालू असो. लेकुरवाळी, गप्प बसलेली, कोपऱ्यातली मादी आणि छाती काढून फिरणारा नर, दोघांना सारखा वेळ. आज जगभर हीच पद्धत वापरतात. तेव्हा मला त्या लेखातला न्याय फार भावला होता, शास्त्र नंतर समजलं.

त्या न्यायाची गरज का पडली, तेही बाईंनी फळ्यावर चित्र काढून दाखवलं होतं. १९६१ साली शेरवूड वॉशबर्न आणि अर्व्हन डीव्होर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये केनियातल्या बबून माकडांवर लेख लिहिला. चालत्या टोळीची रचना त्यात अशी सांगितली होती: मधोमध सगळ्यांत बलवान नर, त्यांच्याजवळ पिल्लं घेतलेल्या माद्या, पुढे आणि मागे कमी मानाचे नर. हे चित्र पाठ्यपुस्तकांत गेलं आणि तिथेच रुतून बसलं. त्याच दशकात थेल्मा रोवेल युगांडातल्या इशाशा नदीकाठच्या रानात बबूनांमागे फिरत होत्या. त्यांना वेगळंच दिसलं. दिवसाची वाट वयस्क माद्या ठरवत. आणि खरं संकट आलं तेव्हा मोठे नर सगळ्यांत पुढे पळाले, पोटाशी जड पिल्लं असलेल्या माद्या सर्वांत मागे राहिल्या. पुढे १९७९ साली स्टुअर्ट ऑल्टमन यांनी केनियातल्याच अंबोसेलीतल्या बबूनांच्या रांगांचा हिशेब मांडला, तेव्हा तो क्रम पुष्कळसा योगायोगानं पडावा तसाच निघाला. बाईंनी ते फळ्यावरचं चित्र पुसलं नाही. त्याच्या शेजारी रोवेल यांचं नाव लिहिलं आणि दोन्ही तसंच ठेवून त्या वर्गाबाहेर गेल्या.

बाईंच्याच शिफारशीवरून १९९९ साली केनियातल्या लैकिपिया भागात बबूनांच्या एका अभ्यासात मदतनीस म्हणून येण्याचं पत्र मला आलं. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट आपलं. आमच्या घरी, साताऱ्याला, शब्द चालायचा तो तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा. रात्री सगळे जेवायला बसले होते तेव्हा मी सांगितलं. कुणी काही बोललं नाही. तात्या ताटाकडे बघत राहिले. वाढता वाढता थोरल्या वहिनी थांबल्या आणि म्हणाल्या, "माझी भिशी पुढच्या महिन्यात लागतेय. वन्संच्या तिकिटाला धरा." एवढंच. मग आई म्हणाली, तिकडे थंडी असते का गं? मग दादानं पासपोर्टच्या एजंटचं नाव काढलं. हात धुऊन आल्यावर तात्यांनी विचारलं, विमान मुंबईहूनच ना? 

आमच्या घरात वहिनींचा नंबर मानानं बराच खालचा होता. त्या रात्री त्या उठल्या नसत्या तर मी चार पावलं जाऊन परत येऊन बसले असते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. भिशीचे पैसे मी पुढे परत केले. पैशांपलीकडचं जे होतं ते माझ्याकडेच राहिलंय.

लैकिपियाचं पठार माउंट केनियाच्या वायव्येला पसरलं आहे. विषुववृत्त त्याच भागातून जातं, पण उंचीमुळे पहाटे दात वाजतात. काळ्या मातीत शिट्टी बाभळीची झुडपं: काट्यांच्या बुडाशी पोकळ गाठी, गाठींत मुंग्यांची घरं, आणि त्यांच्या भोकांतून वारा गेला की बारीक शीळ. मधूनच खडकांचे उंच ढिगारे जमिनीतून वर आलेले. बिबट्याच्या भीतीनं बबून रात्री अशा कड्यांवर किंवा नदीकाठच्या पिवळ्या सालीच्या उंच बाभळींवर झोपतात. आमची टोळी खडकावर झोपायची. उजाडायच्या आत त्या खडकासमोर जाऊन बसायचं, संध्याकाळी टोळी चढून गेली की परतायचं, हे आमचं काम.

'आमचं' म्हणजे माझं आणि म्झेंचं. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला म्झे म्हणतात. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते सांबुरू जमातीतले. लहानपण गुरांमागे गेलेलं. प्रकल्पात संशोधक आले आणि गेले, म्झे पहिल्यापासून तिथेच. टोळीतल्या प्रत्येकीची आई कोण, आजी कोण, कोणता नर कोणत्या साली कुठून आला, हे त्यांना तोंडपाठ. मला ते बिंती म्हणत, म्हणजे पोरी. मी मोडकं स्वाहिली बोलायचे, ते सावकाश बोलायचे. नान्युकी गावातल्या एका गुजराती दुकानातून मी बेसन आणायचे. पिठलं त्यांना आवडायचं, चपातीबरोबर. चपाती तर तिकडची रोजचीच.

त्यांनी मला जे शिकवलं ते सांगायला फार सोपं आहे आणि करायला फार अवघड. टोळी चालू लागली की ते उजवा पंजा डोळ्यांसमोर धरत, असा की पुढे चाललेले प्राणी पंजाआड जावेत. दिसायला उरायची मागची टोळी. "आता सांग," ते म्हणत, "पुढे कोण आहे?" मी अनमान करायचे. ते थांबत. मागच्यांच्या माना कुठे वळतात ते बघ. कुणाकडे बघून पिल्लाला पाठीवर घेतलं जातंय ते बघ. कोण उठलं आणि त्याच्यासाठी कुणीच मान वर केली नाही, तेही बघ. पुढे चाललेल्याकडे बघून तो पुढारी आहे का ते कळत नाही. ते मागच्यांच्या अंगावर दिसतं.

बाईंचं आणि म्झेंचं कधी बोलणं होणं शक्य नव्हतं. पण एकीनं पोस्टकार्डं लिहून मिळवलेलं आणि दुसऱ्यानं गुरांमागे चालून मिळवलेलं एकाच जागी येऊन मिळालं, आणि ते मिळताना मी तिथे हजर होते. असं भाग्य प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही.

पुढचं कळायला बबूनांच्या घराची रीत थोडी सांगायला हवी. मादी जन्मते त्या टोळीतच मरते. तिचा मान तिच्या आईकडून येतो; मोठ्या घरच्या मादीची पोर जन्मतःच मोठी, खालच्या घरचीला आयुष्यभर बाजूला सरावं लागतं. नर मात्र वयात आला की टोळी सोडतो आणि दुसरीकडे जातो. तिथे भांडून, दात दाखवून जागा मिळवतो. त्याचं वजन मादीच्या जवळजवळ दुप्पट, सुळे भयंकर. म्हणजे ज्या नरापुढे सगळे वाकतात, तो बहुतेक वेळा मुलखात नवखा असतो. नर पाहुणा, मादी गावची. दुष्काळात कोणत्या ओढ्यात खणलं की पाणी लागतं, हे पाहुण्याला कसं ठाऊक असणार?

बीबी खालच्या घरची होती. बीबी हे नाव म्झेंचं. स्वाहिलीत आजीला बीबी म्हणतात. प्रकल्पाच्या वहीत तिला दोन अक्षरांची खूण होती, ती आम्ही दोघांनी कधी उच्चारली नाही. उजवा कान फाटलेला, शेपटी मधेच मोडून बरी झालेली, चेहऱ्याची कातडी सुरकुतलेली. शेंगांच्या झाडाखाली ती बसली आणि मोठ्या घरची एखादी पोरसवदा मादी आली, की बीबी उठून जायची. ना ओरडणं, ना पाहणं. 

पण सकाळच्या त्या तासात ती वेगळी असायची. ऊन खडकावर आलं की टोळी खाली उतरते, अंगं शेकते, एकमेकांच्या केसांतून बोटं फिरवते, पोरं दंगा करतात. निघायची घाई कुणालाच नसते. मग इकडून एखादा उठतो, तिकडून एखादी. हान्स कुमर यांनी इथिओपियातल्या हमाद्रियास बबूनांबद्दल १९६८ च्या पुस्तकात याचं फार सुंदर वर्णन केलं आहे. कड्याखाली जमलेल्या समुदायाला कधी एका बाजूनं, कधी दुसऱ्या बाजूनं फुगवटा येतो, पुढे सरकतो, परत आत ओढला जातो. अमीबा सूक्ष्मदर्शकाखाली हलावा तसा. त्यांच्यात एखादा तरुण नर पुढे होऊन दिशा सुचवतो, पण म्हातारा नर बसून राहिला तर काही होत नाही. तो उठून चालू लागला की सगळा समुदाय वाहू लागतो. पुढे असणारा एक, ठरवणारा दुसरा. बाईंना हे प्रकरण इतकं प्रिय होतं की त्या ते शिकवताना खडू घेऊन वर्गभर फिरायच्या.

आमच्या टोळीत म्हातारा नर असा कुणी नव्हता. बीबी उठायची, जायचं त्या दिशेला तोंड आणि टोळीकडे पाठ करून थोड्या अंतरावर जाऊन बसायची. मधूनच खांद्यावरून मागे एक नजर. कुणी आलं नाही तर तशीच बसून. बरेचदा कुणीच यायचं नाही. टोळी भलतीकडे जायची आणि बीबी मुकाट मागून जायची. पावसानंतर, सगळीकडे गवत आणि पाणी असताना, ती कुठे बसली याची कुणाला फिकीर नव्हती. म्झे मला म्हणाले होते, चांगल्या दिवसांत पुढे कुणीही चालेल, पोरी. त्या दिवसांतल्या नोंदी कर, पण त्यांवरून काही ठरवू नकोस.

२००० सालचा दुष्काळ केनियात लोकांना अजून आठवतो. लैकिपियात दूरदूरचे गुराखी जनावरं घेऊन घुसले, कारण त्यांच्याकडे काडी उरली नव्हती. म्झेंच्या भावकीतली गुरं मेली. ते त्याबद्दल बोलत नसत. पहाटे ठरलेल्या जागी नेहमीसारखे उभे असत, ब्लँकेट खांद्यावर टाकून. नदीत जागोजागी डबकी उरली होती आणि त्यांच्याभोवती गुरं, माणसं, कुत्री.

त्या काळातली एक सकाळ मी वहीत मिनिटामिनिटानं लिहून ठेवली आहे. सगळ्यांत बलवान नर, काही महिन्यांपूर्वीच टोळीत आलेला, उठला आणि उत्तरेला नदीकडे चालू लागला. ताठ, वळून न बघता. त्याच वेळी बीबी पश्चिमेला जाऊन बसली होती, जिकडे मला नुसतं वाळलेलं माळरान दिसत होतं. दोन तरण्या माद्या नराच्या दिशेनं उठल्या, थोडं चालल्या, थांबल्या. एकीनं पिल्लू पाठीवर घेतलं आणि परत उतरवलं. टोळीभर अशी चुळबुळ सुरू झाली. म्झेंनी पंजा वर धरला. मीही धरला. माना उत्तरेकडे जात होत्या आणि परत येत होत्या.

मग बीबीच्या वयाची दुसरी एक म्हातारी, जी रोज तिच्या केसांतून बोटं फिरवायची, उठली आणि बीबीच्या पलीकडे जाऊन बसली. तिच्यामागून बीबीची लेक, पोरासकट. मग एक परक्या घरची, मानानं वरची मादी. ही तिसरी उठली तेव्हा म्झेंनी माझ्या वहीवर बोट टेकवलं. बीबी उभी राहिली आणि सरळ रेषेत चालू लागली; खात-पीत, इकडेतिकडे करत नव्हे, जायचं ठिकाण डोळ्यांपुढे असल्यासारखी. थोड्याच वेळात सगळी टोळी तिच्यामागे रांगेनं जात होती. नर बराच पुढे जाऊन थांबला होता. मागे कुणी नाही म्हटल्यावर बसला, आणि मग तोही वळला. रांगेच्या मध्यावर येऊन मिळाला.

वाट लांबची होती. ऊन चढलं तसे आम्ही दोघंही गप्प झालो. शेवटी एका कोरड्या वाळूच्या ओढ्यात, जिथे वळणावर खडक आडवा येतो, बीबी उतरली आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागली. खड्डा कोपरापर्यंत गेला तेव्हा तळाशी ओल दिसली, मग पाणी. तोवर तो मोठा नर पोचला होता. तो जवळ आला, बीबी बाजूला झाली, त्यानं तोंड लावलं. तिनं शेजारी दुसरा खड्डा धरला.

मला रडू आलं. म्झेंनी ते पाहिलं आणि थोड्या वेळानं म्हणाले, "दात त्याचे. वाट तिची." ते वाक्य मी वहीच्या समासात लिहिलं. त्यांनी विचारलं काय लिहिलंस, तर वाचून दाखवलं. त्यांनी पेन घेतलं आणि खाली तारीख घातली.

या गोष्टीवरून माद्या शहाण्या आणि नर निकामी असं कुणी म्हणालं तर मला ते मान्य नाही. नामिबियात, त्साओबिसच्या वाळवंटी मुलखात, अँड्र्यू किंग, गाय काउलिशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी चकमा बबूनांच्या मुलखात मुद्दाम एकाच जागी अन्न ठेवलं, इतक्या लहान जागेत की एखादाच बलवान प्राणी त्यावर मालकी सांगू शकेल. तिथे टोळीला नेलं ते सर्वांत वरचढ नरानं. बाकीचे पुष्कळसे उपाशी राहिले, तरी त्याच्यामागे गेले. ज्यांचं त्याच्याशी जवळचं नातं होतं ते आधी गेले. म्हणजे अन्न एका मुठीत मावणारं असलं की वाटही त्या मुठीची होते, आणि मागचे मागे जातच राहतात. हा लेख वाचला तेव्हा मला वाईट वाटलं. पण इथेही बाईंचा प्रश्न लागू पडतोच. त्या नरामागे उठलं कोण? त्याच्या दातांना भिणारे आधी उठले असं नव्हे, त्याच्याजवळ बसणारे उठले. बीबीमागेही पहिली उठली ती तिच्या केसांतून बोटं फिरवणारी. पुढारपण कुणाचंही असो, त्याचा पहिला टाका अशा रोजच्या जवळिकीनं घातलेला असतो, असं मला आता वाटतं.

परत आल्यावर मीही शिकवू लागले. बाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्याकडे जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी त्या सकाळची पानं दोनदा वाचली आणि विचारलं, "ही तिसरी, परक्या घरची, ती का उठली?" मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही.

२०१५ च्या जूनमध्ये 'सायन्स'मध्ये जो लेख आला, तो लैकिपियातल्याच म्पाला संशोधन केंद्रातला. एरियाना स्ट्रँडबर्ग-पेश्किन, डेमियन फरीन, इयन कूझिन आणि मार्गारेट क्रोफुट यांनी एका टोळीतल्या २५ बबूनांना जीपीएस कॉलर घातल्या होत्या. दर सेकंदाला प्रत्येकाची जागा नोंदली जात होती. एक बाजूला निघतो आणि दुसरा त्याच्यामागे जातो, किंवा दुसरा जागचा हलत नाही आणि पहिला परत येतो, अशा घटना त्यांनी गणितानं वेगळ्या काढल्या. आम्ही पंजा धरून जे शोधत होतो ते सगळ्या टोळीसाठी, एकाच वेळी, दिवसभर. बबून मोठ्या मानाच्या प्राण्यामागे खास जात नाहीत, असं त्यातून दिसलं. एकाच दिशेला निघालेले जितके जास्त, तितकी बाकीच्यांनी मागे जाण्याची शक्यता जास्त. जो सरळ, न भटकता चालतो त्याच्यामागे जास्त जण जातात. दोन गट दोन दिशांना ओढत असले आणि त्या दिशांमधला कोन साधारण काटकोनापेक्षा लहान असला, तर टोळी मधली वाट धरते. कोन मोठा असला तर मधली वाट निरुपयोगी. तेव्हा टोळी एक दिशा निवडते, आणि बहुधा तीच जिकडे जास्त जण आहेत. 

उत्तर आणि पश्चिम यांच्यात काटकोन. माझ्या वहीतली ती चुळबुळ, पिल्लू पाठीवर घेणं आणि उतरवणं, अगदी त्या उंबरठ्यावरची होती. लेख वाचून झाल्यावर मी जुनी ट्रंक उघडली आणि रात्री उशिरापर्यंत ती पानं वाचत बसले.

मग म्झेंना फोन केला. ते थकले होते, नातू फोन त्यांच्या कानाशी धरत होता. लेखात काय आहे ते मी सावकाश सांगितलं. कॉलर, सेकंद, कोन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "त्या दिवसांत पाऊस झालेला होता का? आणि टोळीत म्हाताऱ्या किती होत्या?"

या प्रश्नांनी माझी पुढची वर्षं व्यापली. कॉलरांनी मोजलेला काळ काही आठवड्यांचा. त्या आठवड्यांत ज्याला त्याला वाट ठाऊक असेल तर सगळ्यांचं वजन सारखं दिसणारच. ठाऊक असलेल्या आणि नसलेल्यांतला फरक दिसायला वाईट वर्ष यावं लागतं, आणि आधीचं वाईट वर्ष पाहिलेली कुणी जिवंत असावी लागते. मोठा दुष्काळ कित्येक वर्षांनी येतो. बबून मादी रानात वीस-पंचवीस वर्षं जगली तरी खूप झालं. तिच्या आयुष्यात अशी वर्षं एखाद-दोनच. म्हणजे हा प्रश्न सोडवायचा तर पिढ्यांच्या नोंदी हव्यात. अंबोसेलीत १९७१ पासून अखंड नोंदी ठेवल्या जातात, तशा. आणि मधल्या काळात मुलूखही बदलतो आहे. लैकिपियात परदेशी निवडुंग माजला आहे, बबून त्याची लाल फळं आवडीनं खातात. अन्न जागोजागी मिळालं की लांबच्या ओढ्याकडे जाण्याची वेळच येत नाही, आणि ज्या वाटेनं कुणी जात नाही ती पोरींना दाखवणार कोण? याची मला खरीखुरी काळजी वाटते. वाट विसरली गेली तर ती विसरली गेली हे पुढच्या दुष्काळातच कळणार.

बीबी २००० सालीच गेली, पाऊस पडायच्या थोडं आधी. एका सकाळी ती खडकावरून खाली आली नाही. तिची लेक मात्र पुढे बरीच वर्षं होती, आणि २००९ च्या दुष्काळात टोळी त्या वळणावरच्या खडकापाशी गेली होती, असं म्झेंनी मला पत्रातून कळवलं. पुढे कोण होतं हे त्यांनी लिहिलं नाही, कारण तोवर त्यांची नजर अधू झाली होती आणि जे स्वतः पाहिलं नाही ते ते लिहीत नसत.

म्झे आता नाहीत. बाईही नाहीत. थोरल्या वहिनी साताऱ्याला आहेत. मी गेले की अजून वन्संसाठी वेगळी भाकरी टाकतात. माझ्याकडे एक ट्रंक आहे, त्यात माझ्या वह्या. म्झेंच्या वह्या त्यांच्या घरी आहेत, स्वाहिलीत, लहान गोल अक्षरात. त्यांचा नातू नान्युकीहून एकेका पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो. दोन्ही वह्यांतला एकेक दिवस समोरासमोर ठेवून मी टाइप करते: तारीख, वेळ, कोण उठलं, कुणाकडे बघून, मागे कोण गेलं, कोण परत आलं, त्या आठवड्यात पाणी कुठे होतं. कुणालाही वापरता यावं अशा साध्या तक्त्यात. काही ठिकाणी आमच्या दोघांच्या नोंदी जुळत नाहीत. तिथे मी दोन्ही ठेवते आहे. पहिल्या पानावर त्यांचं नाव आधी घातलं आहे, त्याखाली माझं. २००० सालचे पहिले तीन महिने पूर्ण झाले. एप्रिलचं काम सध्या चालू आहे, आणि त्यातली दोन पानं ओलीनं चिकटलेली असल्यामुळे नातवाला ती परत काढून पाठवायला सांगितलं आहे.